प्राणवायूचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय असो की मुंबईचे टाटा रुग्णालय, कर्करुग्णाला द्यावयाच्या किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजली जाते. एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली, की ती मात्रा एक ग्रे. हे एकक ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते लुई हॅरोल्ड ग्रे मुळात डॉक्टर नव्हते. ते पदार्थवैज्ञानिक होते.

१० नोव्हेंबर १९०५ रोजी इंग्लंडमध्ये एका सामान्य कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिष्यवृत्तीच्या बळावर त्यांनी शिक्षण घेतले आणि ते केंब्रिजला पोहोचले. तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेवर तेव्हा रुदरफर्ड यांचे अधिराज्य होते. अणूच्या अंतरंगाचा शोध घेण्यात तरुण शास्त्रज्ञ गढून गेले असताना ग्रे यांनी १९३३ मध्ये वेगळी वाट धरली. लंडनजवळील माउंट व्हर्नन रुग्णालयात ते पदार्थवैज्ञानिक म्हणून रुजू झाले. शरीरात किरणांची नेमकी किती ऊर्जा शोषली जाते, हे मोजण्याचा पाया त्यांनी तेथे भक्कम केला.

मात्र मोजमाप अचूक झाले, तरी एक कोडे उरतच होते. सारखीच मात्रा देऊनही काही गाठी विरघळत, तर काही दाद देत नसत. त्वचेचा रक्तपुरवठा दाबून रोखला, तर तिच्यावर किरणांचा परिणाम कमी होतो, हे १९०९ मध्येच एका जर्मन भाषक डॉक्टरांनी नोंदवले होते. त्याचा पुरता अर्थ मात्र लागला नव्हता. ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये तो सप्रमाण मांडला. किरण पडतात त्या क्षणी पेशीत प्राणवायू असेल, तर झालेली इजा पक्की होते. तो नसेल, तर तितक्याच परिणामासाठी सुमारे तिप्पट मात्रा लागते.

दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, ग्रे आणि टॉमलिन्सन यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या जेमतेम सातव्या हिश्श्यापर्यंतच प्राणवायू पोहोचतो आणि त्यापलीकडे पेशी मरून पडलेल्या असतात, असे त्यांना दिसले. या दोहोंच्या सीमेवर अर्धवट गुदमरलेल्या, पण जिवंत पेशींचा पट्टा असला पाहिजे. किरणांच्या माऱ्यातून निभावून रोग पुन्हा उभा करणाऱ्या पेशी त्याच असाव्यात, असा हा विचार होता.

एका दमात सारी मात्रा न देता ती अनेक आठवडे थोडी थोडी का देतात, याचे एक उत्तरही पुढे याच संशोधनातून मिळाले. बाहेरच्या पेशी मेल्या, की आतल्या पेशींपर्यंत प्राणवायू पोहोचू लागतो आणि पुढच्या खेपेस त्या किरणांच्या तावडीत सापडतात. गावाहून आलेल्या रुग्णाला उपचारासाठी इतके दिवस मुक्काम करावा लागतो, त्यामागे निरोगी पेशींना सावरण्याची उसंत देण्याबरोबरच हाही हिशेब असतो.

बार्शीच्या परिसराला हा विषय परका नाही. ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी तेथे १९८७ मध्ये सुरू झाली. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये जगासमोर आले. या रोगात किरणोपचार हा मोठा आधार असतो, आणि अंगात रक्त कमी असलेल्या स्त्रियांमध्ये त्याचे फळ सहसा कमी मिळते. रक्त कमी म्हणजे गाठीपर्यंत पोहोचणारा प्राणवायूही कमी, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. उपचारापूर्वी हिमोग्लोबिन तपासण्याला म्हणूनच महत्त्व आहे.

माउंट व्हर्नन येथे १९५३ मध्ये ग्रे यांनी स्वतंत्र संशोधन केंद्र उभारले. ९ जुलै १९६५ रोजी, वयाची साठी गाठण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९७५ मध्ये, त्यांचे नाव आंतरराष्ट्रीय एककाला देण्यात आले. जे एकक आज केवळ किरणांची मात्रा सांगते, त्या नावाच्या माणसाने मात्र एवढ्या मोजमापाने भागत नाही, हेच आयुष्यभर दाखवून दिले.