हत्तींचा काळ ठरलेली सात मिलिमीटरची गोळी

विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व आफ्रिकेत हत्तीच्या शिकारीला निघणारा युरोपीय शिकारी बहुधा दुनळी जड रायफल बाळगत असे. तिची गोळी ३० ग्रॅमच्या पुढची आणि बार उडाला की खांदा बधिर करणारी. एवढ्या प्रचंड जनावराला तेवढाच प्रचंड तडाखा हवा, हे तेव्हाचे सर्वमान्य गणित होते. ते खोटे ठरवले वॉल्टर डॅलरिम्पल मेटलंड बेल या स्कॉटिश माणसाने, अवघ्या सात मिलिमीटर व्यासाच्या आणि जेमतेम ११ ग्रॅमच्या गोळीने.

बेल यांचा जन्म १८८० साली एडिंबरोजवळचा. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शाळेत मन रमले नाही आणि कोवळ्या वयातच ते जहाजावर गेले. सोळा-सतराव्या वर्षी युगांडा रेल्वेच्या कामावर सिंहांपासून मजुरांचे रक्षण करण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. पुढे सोन्याच्या शोधात क्लोंडाइक, तेथून कॅनडाच्या घोडदळातून बोअर युद्ध, आणि युद्ध संपताच पुन्हा आफ्रिका. युगांडाच्या ईशान्येकडील करामोजो या दुर्गम प्रदेशात त्यांनी काही वर्षे काढली आणि ‘करामोजो बेल’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. तेथील गोपालक समाजात गाय हेच धन. हे ओळखून, हत्तींची खात्रीची बातमी आणणाऱ्याला ते बक्षीस म्हणून गाय देत. मारलेल्या हत्तीचे मांस गावकऱ्यांचे, सुळे बेल यांचे, असा हा व्यवहार होता.

त्यांच्या यशाचे मर्म मात्र रायफलीपेक्षा एका करवतीत होते. हत्तीचे डोके त्यांनी उभे चिरून पाहिले. बाहेरून अवाढव्य दिसणारे ते मस्तक आतून मधाच्या पोळ्यासारखे, हवेच्या पोकळ्यांनी भरलेल्या हाडाचे असते. सुमारे पाच किलोचा मेंदू त्यात खाली आणि बराच मागे दडलेला असतो. त्या पोकळ हाडात कितीही जड गोळी घातली तरी मेंदू चुकला तर हत्ती एखादवेळी भोवळ येऊन बसेल, पण पुन्हा उठून निघून जाईल. उलट, लहान गोळी मेंदूपर्यंत सरळ पोहोचली तर तो जागीच कोसळतो. म्हणून समोरून, बाजूने आणि मागून तिरक्या कोनातून मेंदू नेमका कोठे असतो याचा बेल यांनी अभ्यास केला. मागून तिरका मारायचा तो नेम शिकाऱ्यांत आजही ‘बेल शॉट’ म्हणून ओळखला जातो.

गोळी सरळ पोहोचणे ही काही साधी गोष्ट नव्हे. हरणासारख्या जनावरासाठी वापरली जाणारी उघड्या शिशाच्या टोकाची गोळी आत शिरताच फुलते आणि रुंद जखम करते; हत्तीच्या हाडावर मात्र ती पसरून वाटेतच थांबते. बेल यांची गोळी लांबट, बोथट गोल टोकाची आणि कठीण धातूच्या संपूर्ण वेष्टनातली होती. व्यासाच्या मानाने वजन जास्त असल्याने ती न फुटता, न वळता खोल जाई. धक्का कमी, त्यामुळे नेमही हलत नसे. जड दुनळी आणि बारीक ६.५ मिलिमीटरची रायफल या दोन्हींचा अनुभव त्यांनी घेतला होता. बारीक रायफल हत्तीला पुरत असे, पण तिच्या काडतुसांनी दगा दिला. अखेर विश्वास बसला तो लंडनच्या रिग्बी कंपनीच्या ०.२७५ रायफलवर. (आपल्याकडे जिम कॉर्बेट यांनी १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या टिपला, तो याच काडतुसाच्या रिग्बीने.)

बेल्जियमचा राजा लिओपोल्ड १९०९ च्या अखेरीस मरण पावला आणि नाईलकाठच्या लाडो प्रदेशात काही काळ कायद्याचा धाक उरला नाही. तेथे जमलेल्या हस्तिदंताच्या शिकाऱ्यांत बेलही होते. आयुष्यभरात त्यांनी मारलेल्या हत्तींचा आकडा हजाराच्या वर जातो आणि तो त्यांच्याच नोंदींतला आहे. तेव्हा हा उद्योग प्रतिष्ठेचा होता हे खरे. तरी सुळ्यांच्या व्यापारासाठी झालेला हा संहार शास्त्रीय कुतूहलाच्या आड लपवता येत नाही.

दुसरी हानी त्यांच्या कीर्तीने केली. त्यांची लहान रायफल उचलणे सोपे होते. हत्तीच्या अगदी जवळ जाण्याचे धैर्य, शरीररचनेचे ज्ञान आणि नेम खात्रीचा नसेल तर बार न काढण्याचा संयम उचलणे कठीण. अशा अनुकरणात जखमी हत्ती यातना सोसत फिरतो आणि वाटेत येणाऱ्याचा जीव घेतो. आफ्रिकेतील ज्या देशांत हत्तीच्या शिकारीला परवानगी आहे, त्यांतील अनेक ठिकाणी किमान ०.३७५ इंचाच्या रायफलीची अट आहे. बेल यांची लाडकी रायफल त्या नियमात बसत नाही.

पहिल्या महायुद्धात बेल वैमानिक झाले आणि त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. १९२३ मध्ये त्यांचे शिकारवृत्तांताचे पहिले पुस्तक निघाले. नंतर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात घर करून ते हलक्या रायफलीने सांबरवर्गीय हरणे टिपत आणि शिडाच्या नौकेतून समुद्रावर जात. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला तो त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९८९ साली.