कर्करोगाच्या मुळाशी जाणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

कर्करोग एका कारणाने होतो, की अनेक कारणे एकत्र आल्यावर? या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा करणाऱ्या भारतीय संशोधकांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रभागी आहे.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. हुजूरपागेच्या या विद्यार्थिनीने मात्र वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राची वाट धरली. १९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळविली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे तंत्र त्या शिकल्या. मायदेशी परतून त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

त्यांच्या संशोधनाचे मुख्य साधन होते उंदीर. सख्ख्या भावंडांचा संकर किमान २० पिढ्या चालू ठेवला की जवळजवळ एकसारख्या आनुवंशिक घडणीचे वाण तयार होते. काही वाणांत स्तनाचा कर्करोग सर्रास आढळतो, तर काहींत क्वचितच. हा फरक का पडतो, हाच खरा प्रश्न होता. फ्रान्समधील लाकासान्य यांनी १९३२ मध्ये स्त्री-संप्रेरक टोचून नर उंदरांतही हा रोग घडवून दाखविला होता. १९३६ मध्ये अमेरिकेतील जॉन बिटनर यांना मादीच्या दुधातून पिलांकडे जाणारा रोगकारक घटक आढळला. हा घटक म्हणजे विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांची सांगड रणदिवे यांनी आपल्या प्रयोगांतून तपासली. एका कारणावर बोट ठेवण्यापेक्षा कारणांचे परस्परसंबंध शोधणे, हा त्यांच्या कार्याचा गाभा होय.

१९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या प्रभारी संचालकपदाची धुरा वाहिली. १९७३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन झाली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषणने गौरविण्यात आले. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातील राजूर परिसरात आदिवासी बालकांच्या पोषणाच्या कामात रमल्या. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

उंदरांतील विषाणूसारखा विषाणू माणसात स्तनाच्या कर्करोगास कारणीभूत ठरतो, हे सिद्ध झालेले नाही. संप्रेरकांचा वाटा मात्र निर्विवाद ठरला असून, संप्रेरकांचा परिणाम रोखणारी औषधे आज असंख्य रुग्णांना जीवदान देत आहेत.