घरातून मिळालेली शिदोरी : बाळ येशूची संत तेरेजा

दरवर्षी १ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा बाळ येशूच्या संत तेरेजाचा सण साजरा करते. हातात क्रूस आणि गुलाबपुष्पे धारण केलेली तिची मूर्ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. १९२७ साली पोप अकरावे पायस ह्यांनी तिला संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या जोडीने मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून घोषित केले. ज्या झेवियरांचे अवशेष आपल्या गोव्यात जतन केलेले आहेत, त्यांनी सुवार्तेसाठी समुद्र पार केले. तेरेजा मात्र वयाच्या पंधराव्या वर्षी मठात गेली आणि चोविसाव्या वर्षी तेथेच तिने देह ठेवला. तिने कोणत्याही विद्यापीठात अध्ययन केले नव्हते. तरीही १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता हा बहुमान दिला. एवढे ज्ञान तिला कोठून लाभले, असा प्रश्न आपणास पडतो. तिचे चरित्र वाचताना आम्हाला असे जाणवते की, तिचे पहिले अध्यापन तिच्या घरातील जिन्यावर, जेवणाच्या टेबलाजवळ आणि बागेतच झाले.

कष्टाळू आईवडील

तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलांसाँ ह्या गावी झाला. वडील लुई मार्टिन हे घड्याळे तयार करण्याचा व दुरुस्त करण्याचा व्यवसाय करीत. आई झेली ह्या आलांसाँची प्रसिद्ध लेस तयार करून विकत व अनेक स्त्रियांना त्यातून काम देत. व्यवसायाचे नुकसान होईल म्हणून लोकांनी परोपरीने सांगूनही लुई रविवारी दुकान उघडत नसत.

ह्या दाम्पत्याला नऊ मुले झाली. त्यांपैकी चार बालपणीच दगावली. मारी, पोलिन, लिओनी, सेलिन आणि शेंडेफळ तेरेजा अशा पाच मुली तेवढ्या राहिल्या. तेरेजाही जन्मतः अशक्त होती. तिला वर्षभराहून अधिक काळ खेड्यातील एका दाईच्या घरी ठेवावे लागले. ज्या घरातून चार लहानग्यांच्या शवपेट्या बाहेर पडल्या, त्या घरात पाचवे मूल वाचावे म्हणून आईने किती प्रार्थना केल्या असतील, ह्याची कल्पना मातांना सहज येईल.

झेलींनी आपल्या आप्तांना लिहिलेली दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत लेसचा हिशेब आहे, आजारपण आहे आणि मुलींच्या लहानसहान गोष्टीही आहेत. छोटी तेरेजा जिना चढताना प्रत्येक पायरीवर आईला हाक मारी. वरून आईची ओ आली नाही, तर ती त्याच पायरीवर थांबून राही. एकदा तिच्या हातून भिंतीवरील कागदाचा तुकडा फाटला. तेव्हा वडील घरी येईपर्यंत तिला चैन पडेना. आल्याबरोबर त्यांना सांग, असा तिने मारीकडे आग्रह धरला. झेलींनी तिच्या हट्टाचीही नोंद मोकळेपणाने केली आहे. आपले मूल निर्दोष आहे, असा आव त्यांनी कोठेच आणलेला नाही.

तेरेजाच्या आत्मकथेत आलेली टोपलीची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. लिओनीला वाटले की आपण आता बाहुलीशी खेळण्याइतक्या लहान नाही. म्हणून तिने बाहुलीचे कपडे व चिंध्यांनी भरलेली टोपली धाकट्या दोघींपुढे धरली. सेलिनने त्यातून एक छोटी वस्तू घेतली. तेरेजाने मात्र संपूर्ण टोपलीच उचलली. पुढे तिने हा प्रसंग आपल्या सगळ्या आयुष्याचे सार मानला. देवाने जे जे पुढे केले, त्यातले आवडते तेवढेच निवडायचे नाही, सगळेच घ्यायचे, असा अर्थ तिने त्यातून काढला.

पेला आणि अंगुस्तान

२८ ऑगस्ट १८७७ रोजी झेली कर्करोगाने मरण पावल्या. तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती. अंत्यविधीनंतर सेलिनने मोठ्या मारीला आई मानले, तर तेरेजा पोलिनला बिलगली. लुईंनी आपले गाव सोडले आणि मुलींना मामाचा आधार मिळावा म्हणून ते लिज्यू येथे राहावयास गेले.

त्या घरात घडलेला एक प्रसंग आम्हाला विशेष भावतो. स्वर्गात देव सर्वांना सारखेच वैभव का देत नाही, ह्या विचाराने तेरेजा कष्टी झाली होती. ज्यांना कमी मिळेल ते दुःखी होतील, असे तिला वाटे. पोलिनने तिला ग्रंथातील उतारा वाचून दाखविला नाही. तिने वडिलांचा मोठा पेला आणला आणि त्याच्या शेजारी शिवणकामाचे छोटे अंगुस्तान ठेवले. दोन्ही पाण्याने काठोकाठ भरून तिने विचारले की, ह्यांतले अधिक भरलेले कोणते? तेरेजाला उमगले की आपापल्या मापाने भरलेल्या दोन्ही भांड्यांत कसलीच उणीव नाही. स्वर्गसुखाविषयीचा हा धडा द्यायला दोन मिनिटेसुद्धा लागली नसतील, आणि तो देणारी पोलिन स्वतःच अजून वयाने लहान होती.

नाताळची रात्र

तथापि हे घर म्हणजे निव्वळ आनंदाचे आगर होते, असे समजू नये. आईच्या मृत्यूनंतर तेरेजा कमालीची हळवी झाली. ती क्षुल्लक कारणाने रडे आणि मग रडल्याबद्दल पुन्हा रडे. १८८२ साली पोलिन कार्मेल मठात गेली, तेव्हा दुसऱ्यांदा आई गमावल्यासारखे तिला झाले व पुढील वर्षी ती गंभीर आजारी पडली.

१८८६ च्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साहून कुटुंब घरी परतले. तेथील प्रथेप्रमाणे मुलांच्या बुटांत भेटवस्तू ठेवलेल्या होत्या. तेरेजा आता चौदा वर्षांची होत आली होती. थकलेल्या लुईंच्या तोंडून उद्गार निघाला की, हे बालिश प्रकार ह्या वर्षी तरी संपतील. जिना चढणाऱ्या तेरेजाच्या कानांवर ते शब्द पडले. तिचे डोळे भरून आले. सेलिनने तिला तूर्त खाली न जाण्याचा सल्ला दिला. परंतु तेरेजाने अश्रू आवरले, ती खाली आली आणि एकेक भेटवस्तू आनंदाने वडिलांपुढे काढू लागली. वडीलही थकवा विसरून हसू लागले.

ही रात्र तेरेजाने आपल्या परिवर्तनाची रात्र मानली. घडले होते ते एवढेच. वडिलांच्या एका शब्दाने मन दुखावले होते, आणि तो शब्द धरून न बसता तिने वडिलांचा आनंद राखला होता. असे शब्द कोणत्या घरात उच्चारले जात नाहीत?

पुढील वर्षी पेंटेकॉस्टच्या दिवशी तिने बागेत वडिलांजवळ मठात जाण्याची इच्छा व्यक्त केली. दोन मुली आधीच मठात गेल्या होत्या. लुईंच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्यांनी अडविले नाही. त्यांनी बागेच्या बुटक्या भिंतीवरील एक लहानसे पांढरे फूल मुळासकट उपटून तिच्या हाती दिले आणि देवाने ते किती काळजीने जपले, हे समजाविले. तेरेजाने ते फूल आपल्या भक्तिपुस्तकात जपून ठेवले. ९ एप्रिल १८८८ रोजी तिने लिज्यूच्या कार्मेल मठात प्रवेश केला.

दुःखातही कृतज्ञता

त्यानंतर ह्या कुटुंबावर कठोर प्रसंग ओढवला. लुईंचा मेंदू आजाराने दुबळा झाला. १८८९ साली त्यांना काँ येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले व तेथे त्यांची तीन वर्षे गेली. मुलगी मठात गेल्यामुळेच बापाला वेड लागले, अशी कुजबुज लोकांत चाले आणि ती तेरेजापर्यंत पोहोचे. २९ जुलै १८९४ रोजी लुई देवाघरी गेले.

त्याच हिवाळ्यात मठातील चूलखोलीत बसून तेरेजा आपल्या बहिणींना बालपणीच्या आठवणी सांगत होती. मारीने सुचविले की, ह्या आठवणी लिहून काढाव्यात. पोलिन तेव्हा मठाची प्रमुख होती. तिने तशी आज्ञा दिली. तेरेजाने शाळकरी वहीत, फावल्या वेळात, वर्षभर लेखन केले. तीच तिची प्रसिद्ध आत्मकथा होय. तिच्या मृत्यूनंतर १८९८ साली ती प्रकाशित झाली आणि जगभर पोहोचली.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आई लहानपणी गेलेली, वडिलांचा अंत असा झालेला. तक्रार लिहावयास तिला पुष्कळ कारण होते. परंतु त्या वहीत तिने देवाच्या दयेचे गीत गायिले. वडिलांच्या आजारपणाची वर्षेदेखील तिने देवाच्या कृपादानांत मोजली. तिने दुःख लपविलेले नाही. मात्र त्या दुःखासोबत टोपली, पेला आणि पांढरे फूल ह्यांचीही तिने आठवण ठेवली.

घरी शिकलेले तिने मठात आचरिले. तेथे एक वृद्ध, आजारी आणि चिडखोर धर्मभगिनी होती. तिला दररोज सायंकाळी हाताला धरून भोजनगृहात न्यावे लागे. हळू चालले तरी ती रागवे, भरभर चालले तरी रागवे. तेरेजाने ते काम स्वतःहून मागून घेतले. तिला पाव कापता येत नाही, हे पाहून तो कापून देऊ लागली आणि निघताना तिच्याकडे पाहून हसू लागली. प्रत्येक पायरीवर आईची हाक ऐकू येऊन जिना चढलेल्या ह्या मुलीने आयुष्याच्या अखेरीस लिहिले की, पूर्णत्वाचा जिना चढण्यास आपण फार लहान आहोत, आपल्याला येशूचे हातच उचलून वर नेतील. ३० सप्टेंबर १८९७ रोजी क्षयरोगाने तिचे निधन झाले. १९२५ साली तिला संतपद प्राप्त झाले.

१८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी लुई आणि झेली ह्यांना संत म्हणून घोषित केले. पतिपत्नींना एकत्रितपणे संतपद मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. ज्या लिओनीला शाळेत जमले नाही आणि मठांतून तीनदा परत यावे लागले, तिनेही १८९९ साली पुन्हा मठप्रवेश केला व अखेरपर्यंत ती तेथे राहिली. घरातील सर्वांत अवघड मुलाविषयी निराश होणाऱ्या पालकांनी तिचे नाव स्मरणात ठेवावे.

गृहभेटींच्या निमित्ताने आम्ही अनेक घरांत जातो. मुले ऐकत नाहीत, वृद्धांचा स्वभाव सांभाळवत नाही, एकत्र जेवायला सवड मिळत नाही, अशी गाऱ्हाणी ऐकावयास मिळतात. ती खोटी नसतात. तरीही त्याच घरात कोणी आजीला औषध देत असते, कोणी भावाचा अभ्यास घेत असते, कोणी रागाचा शब्द गिळून ताट वाढीत असते. त्याची नोंद मात्र कोणी ठेवीत नाही. ह्या सणानिमित्त आमची एवढीच विनंती आहे की, सायंकाळची रोझरी संपल्यावर घरातील प्रत्येकाने त्या दिवशी घरच्या माणसाकडून मिळालेली एक गोष्ट सांगावी आणि तिच्यासाठी देवाचे आभार मानावेत. पाच मिनिटे पुरतील. मुलांच्या स्मरणात ती कदाचित आयुष्यभर राहतील.