महादजी शिंदे आणि जामगीची बंदूक

माझे आजोबा जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत फिटर होते. १९०४ साली सुरू झालेल्या या कारखान्यात तोफांचे गाडे बनत आले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना आमच्या फायरिंगविषयी सांगत होतो. तेव्हा त्यांनी विचारले, की मराठ्यांचा स्वतःचा बंदुकांचा कारखाना होता का? मला उत्तर आले नाही. म्हणून मी महादजी शिंदे यांचे चरित्र वाचले.

महादजी हे राणोजी शिंदे यांचे धाकटे पुत्र. मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्यांच्या पायाला जबर जखम झाली. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून वाचवले. महादजी कायमचे लंगडे झाले, पण राणेखानाला त्यांनी भाऊ मानले आणि मोठा सरदार केले.

१७७९ साली वडगावला इंग्रजांना शरण आणण्यात महादजींचा मोठा वाटा होता. पण पुढे त्याच इंग्रजांच्या कवायती पलटणींनी त्यांना माघार घ्यायला लावली. आपले कुठे चुकते, हे त्यांनी ओळखले.

त्या काळी आपल्याकडे जामगीची बंदूक चाले. नळीत दारू आणि गोळी गजाने ठासायची, कानावर रंजक टाकायची आणि पेटत्या वातीने म्हणजे जामगीने बार काढायचा. ही बंदूक स्वस्त होती, तिचा पल्लाही चांगला होता. पण पावसात जामगी विझे, आणि पेटती वात व दारू जवळ असल्याने शिपायांना खेटून उभे राहता येत नसे. चकमकीची बंदूकही ठासणीचीच, पण तिला वात लागत नसे. चाप ओढला की गार पोलादावर आपटून ठिणगी पडे. त्यामुळे पलटण खांद्याला खांदा लावून एकदम बार काढू शके.

१७८४ साली महादजींनी द बॉइन या सॅव्हॉयच्या अधिकाऱ्याला नोकरीत घेऊन पलटणी उभ्या केल्या. आग्र्याला सँगस्टर या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका बनू लागल्या. १७९० साली पाटण आणि मेडता येथे या पलटणींनी राजपूत फौजांचा पराभव केला. जुनी बंदूक मात्र एका दिवसात गेली नाही. नजीब पलटणींकडे ती पुढेही राहिली.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले. तेथे त्यांची छत्री आहे.

यानंतरचा भाग वाचून मला वाईट वाटले. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध झाले, तेव्हा शिंद्यांचा मुख्य सेनापती पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. अनेक परदेशी अधिकारीही सोडून गेले. लासवारीला शिपाई शौर्याने लढले, तोफाही उत्तम होत्या, तरी पराभव झाला. बंदूक नवी होती, शिपाई आपले होते, पण हुकूम देणारे आपले नव्हते.

सुट्टी संपताना मी हे आजोबांना सांगितले. ते म्हणाले, की त्यांनी आयुष्यभर गाडे बनवले, आता पुढचे काम आमचे. मला एनडीएत जायचे आहे ते यासाठीच.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी