पिकांचे वैद्य : सर एडविन बटलर

सायखेडा : गोदाकाठी द्राक्षे आणि कांदा वाढला, तरी निफाड तालुक्यातील घरांतून बाजरीची भाकरी हद्दपार झालेली नाही. बाजरी ऐन फुलोऱ्यात असताना रिमझिम पाऊस आणि ढगाळ हवा राहिली, की कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरतो. पुढे दाण्यांच्या जागी काळपट गाठी तयार होतात. हाच अरगट रोग. दैवाचा कोप मानल्या जाणाऱ्या अशा रोगांमागे बुरशी असते, हे भारतीय शेतीत पद्धतशीर अभ्यासाने दाखवून देणाऱ्यांत सर एडविन जॉन बटलर हे अग्रणी होते.

बटलर यांचा जन्म १३ ऑगस्ट १८७४ रोजी आयर्लंडमधील किल्की येथे झाला. बटाट्यावरील करप्यामुळे १८४५ नंतर भीषण दुष्काळ सोसलेला हा देश. बटलर यांनी १८९८ मध्ये कॉर्क येथे वैद्यकीय पदवी घेतली. मात्र रुग्णसेवेऐवजी त्यांनी बुरशींचा अभ्यास पत्करला. १९०१ मध्ये ते भारत सरकारच्या सेवेत रुजू झाले. १९०५ पासून बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत त्यांनी कवकशास्त्र विभागाची धुरा वाहिली.

बाजरीच्या कणसाचे हिरव्या पानांच्या झुबक्यात रूपांतर करणाऱ्या गोसावी रोगावरील त्यांचा अभ्यास १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१३ मध्ये जी. एस. कुलकर्णी यांच्यासमवेत त्यांनी अळूवरील करप्याचा अभ्यास मांडला. १९१८ मधील त्यांचा वनस्पतिरोगांवरील ग्रंथ अभ्यासकांच्या अनेक पिढ्यांना मार्गदर्शक ठरला. १९२० मध्ये ते इंग्लंडमधील क्यू येथील कवकशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. १९३९ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि ४ एप्रिल १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी पायाभरणी केलेले हे शास्त्र महाराष्ट्रातही रुजले. एस. एल. आजरेकर यांनी १९२६ मध्ये ज्वारीवरील अरगटाची निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील कवकसंग्रहाला त्यांचेच नाव आहे. तत्कालीन मुंबई राज्यातील बाजरीवरील अरगटाची नोंद व्ही. पी. भिडे आणि आर. के. हेगडे यांनी १९५७ मध्ये केली. त्याच सुमारास राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाल्ल्याने अनेकांना विषबाधा झाली. मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी ही तिची लक्षणे. पिकाचा रोग थेट माणसाच्या ताटात उतरला होता. वैद्यकीची पदवी घेऊन शेतात उतरलेल्या बटलर यांच्या कार्याचे मोल अशा वेळी विशेष जाणवते.

रोगाची ओळख पटली, की उपायही हाती येतो. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरीचे बियाणे टाकले, की अरगटाच्या गाठी आणि पोचट दाणे वर तरंगतात. ते काढून नष्ट करावेत. तळाचे बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे आणि मगच पेरावे. काळ्या गाठी मिसळलेले धान्य मात्र दळणाला जाऊ देऊ नये.