ऐपतीचा प्रश्न पुसणारा खाणकामगार

आजारी माणसाला तपासण्यापूर्वी त्याची ऐपत तपासली जाऊ नये, या साध्या तत्त्वावर ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. ते अमलात आणण्यासाठी डॉक्टरांशी, विरोधी पक्षाशी आणि अखेर स्वपक्षीय सहकाऱ्यांशीही झुंजलेले अन्यूरिन बेव्हन हे मूळचे खाणकामगार होते.

बेव्हन यांचा जन्म १८९७ साली दक्षिण वेल्समधील ट्रेडेगर या गावी झाला. तेराव्या वर्षी शाळा सोडून ते कोळशाच्या खाणीत उतरले. बोलताना अडखळणारा हा मुलगा पुढे पार्लमेंटमधील अव्वल वक्त्यांत गणला गेला. वडीलही खाणीतच राबले आणि धुळीने फुफ्फुसे निकामी होऊन १९२५ साली वारले. तो विकार त्या काळी व्यवसायजन्य मानला जात नसल्याने कुटुंबाला नुकसानभरपाई मिळाली नाही.

त्याच गावात त्यांनी दुसरे चित्रही पाहिले. कामगार वेतनातून वर्गणी देत आणि त्यांच्या वैद्यकीय साहाय्य मंडळाकडून साऱ्या कुटुंबावर उपचार होत. याउलट १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने संरक्षण दिले ते कमावत्या कामगाराला. त्याची बायकामुले वाऱ्यावरच राहिली. हप्त्यावर हक्क अवलंबून ठेवला की, हप्ता न भरू शकणारा बाहेर राहणारच. म्हणून १९४५ साली ॲटली मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाल्यावर बेव्हन यांनी नव्या सेवेचा मुख्य भार करांवर टाकला आणि उपचारांचा हप्त्याशी असलेला संबंधच तोडला.

डॉक्टरांचा विरोध कडवा होता. आपण सरकारी नोकर बनू, ही त्यांची भीती. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांच्या संघटनेने घेतलेल्या मतदानात दहापैकी सुमारे नऊजणांनी विरुद्ध कौल दिला. बेव्हन यांनी तज्ज्ञांना सरकारी रुग्णालयांत खाजगी रुग्णांसाठी खाटा राखण्याची मुभा दिली आणि सामान्य डॉक्टरांना सक्तीने पगारी नोकर न बनविण्याची हमी दिली. समतेच्या या पुरस्कर्त्याने पैसेवाल्यांसाठी वेगळा दरवाजा उघडा ठेवला, हा आक्षेप खोटा नाही; परंतु त्यावाचून मुख्य दरवाजाच उघडला नसता.

सेवा सुरू होताच चष्मे आणि दातांच्या कवळ्या यांसाठी रीघ लागली. खर्च अंदाजाबाहेर गेला. कोरियन युद्धाच्या छायेत शस्त्रसज्जतेवर पैसा ओतला जात असता, १९५१ च्या अंदाजपत्रकात गेट्स्केल यांनी या दोन वस्तूंवर आकार बसविला. रक्कम किरकोळ होती. पण तत्त्वाला पडलेली चीर रुंदावत जाते, हे ओळखून बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. त्यात व्यक्तिगत स्पर्धेचा अंश नव्हता, असे म्हणता येणार नाही. परंतु पुढच्याच वर्षी औषधांवरही आकार आला. वेल्सने तो २००७ साली रद्द केला. इंग्लंडमध्ये तो आजही आहे.

६ जुलै १९६० रोजी बेव्हन कर्करोगाने निवर्तले. आज त्यांच्या सेवेपुढे प्रतीक्षायाद्यांचे संकट उभे आहे, आणि थांबणे ज्याला परवडत नाही त्याच्या दृष्टीने रांग हीसुद्धा एक किंमतच असते. तरीही विमा की कर, हा वाद जिथे जिथे चालतो तिथे बेव्हन यांची कसोटी उपयोगी पडावी : योजनेच्या कागदावर कोणाचे नाव आहे, एवढेच न पाहता, ज्याचे नाव कोठेच नाही तो दाराशी आला तर त्याचे काय होते, हे पाहावे.