हिराबाई पेडणेकर : रंगमंचाबाहेरच्या नाटककार

मराठी नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात हिराबाई पेडणेकर यांचे नाव दोन ठिकाणी येते. एक, आद्य स्त्री-नाटककारांच्या यादीत. दुसरे, नामवंत पुरुष नाटककारांच्या चरित्रांत, त्यांच्या स्नेहसंबंधांच्या ओघात. यादीत नावापलीकडे फारसे काही सांगितले जात नाही आणि चरित्रांत त्यांच्या लेखनापेक्षा व्यक्तिमत्त्वाचीच चर्चा अधिक होते. वऱ्हाडातील अभ्यासकाने हा विषय हाती घेण्यास एक विशेष कारण आहे. हिराबाईंच्या नाट्यलेखनास ज्यांचे मार्गदर्शन लाभले, ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आपल्या वऱ्हाडातच वावरले. अकोला, खामगाव, जळगाव-जामोद ही त्यांच्या वकिलीची गावे. पातुरात बसून कोल्हटकरांचा वाङ्मयीन परिवार आठवताना गडकऱ्यांचे नाव ओठावर येते. हिराबाईंचे मात्र आठवावे लागते. असे का व्हावे, याचा शोध त्यांच्या जीवनक्रमाच्या आधारे घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

हिराबाईंचा जन्म १८८५ च्या सुमारास सावंतवाडी येथे, गाण्याचा वारसा असलेल्या कलावंत घराण्यात झाला. बालपणीच त्या मुंबईस आल्या आणि गिरगावात मावशीच्या आश्रयाने वाढल्या. मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे संस्कृत, इंग्रजी, हिंदी व बंगाली या भाषांचा त्यांनी परिचय करून घेतला. ज्या काळी प्रतिष्ठित घरांतील मुलींनाही अक्षरओळखीपलीकडे क्वचितच जाता येई, त्या काळी एका कलावंतिणीच्या मुलीने केलेला हा विद्याव्यासंग असामान्यच म्हटला पाहिजे. गायनाची तालीम त्यांना भास्करबुवा बखले यांच्याकडून मिळाली. त्यांच्या कविता 'मनोरंजन'सारख्या मासिकांतून प्रसिद्ध होऊ लागल्या. गिरगावातील त्यांच्या घरी लेखक, कवी व संगीतज्ञ यांची बैठक जमत असे. कोल्हटकर, राम गणेश गडकरी, मामा वरेरकर ही नावे या वर्तुळाशी निगडित आहेत.

तत्कालीन रंगभूमीची परिस्थिती येथे ध्यानात घ्यावयास हवी. संगीत नाटकाचा तो भरभराटीचा काळ होता. परंतु नामांकित मंडळ्यांमध्ये स्त्रीभूमिका पुरुष नटच करीत असत. केवळ स्त्रियांच्या अशा काही नाटक मंडळ्या होत्या, तथापि त्यांना पांढरपेशा समाजात मान नव्हता. याचा अर्थ असा की, नायिकेचे पद कसे गावे हे ज्या स्त्रीला उपजत व शिक्षणाने ठाऊक होते, तिला ते पद प्रतिष्ठित रंगमंचावर गाण्याची वाट बंद होती. हिराबाईंचे गुरू भास्करबुवा यांनी १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या 'स्वयंवर' नाटकास चाली दिल्या आणि रुक्मिणीच्या भूमिकेत त्या बालगंधर्वांनी गायिल्या. गुरूची विद्या रंगमंचावर गेली ती पुरुष शिष्याच्या कंठातून. त्याच गुरूच्या या शिष्येला रंगमंचाकडे जाण्याचा जो एकच मार्ग मोकळा होता, तो लेखणीचा होता.

त्यांचे पहिले नाटक 'जयद्रथ विडंबन' १९०४ सालचे. लेखिकेचे वय त्या वेळी अवघे विशीच्या घरातील. जयद्रथाची कथा महाभारताच्या वनपर्वातील आहे. द्रौपदीचे हरण करू पाहणाऱ्या जयद्रथास पांडव पकडतात. बहीण दुःशला हिचा पती म्हणून त्यास जीवदान मिळते, पण भीम त्याच्या मस्तकाचे पाच पाट काढून त्याची फजिती करतो. पौराणिक नाटकांच्या त्या काळात विषयांची वाण नव्हती. स्त्रीचा अपहार करणाऱ्याची विटंबना हा प्रसंग एका तरुण लेखिकेने शीर्षकातच आणावा, ही गोष्ट केवळ योगायोग मानून सोडून देण्याजोगी नाही.

येथे कोल्हटकरांचा संबंध येतो. 'वीरतनय' (१८९६) व 'मूकनायक' (१९०१) या नाटकांनी कोल्हटकरांनी पौराणिक कथांच्या जागी कल्पित कथानके आणली, पारशी-उर्दू रंगभूमीवरील नव्या धर्तीच्या चाली मराठी पदांना दिल्या आणि मद्यपानासारखे प्रश्न नाटकात गुंफले. हिराबाईंनी त्यांना गुरुस्थानी मानले. 'जयद्रथ विडंबना'कडून कल्पित कथानकाच्या 'संगीत दामिनी'कडे (१९१२) झालेले त्यांचे स्थित्यंतर या प्रभावाशी सुसंगत आहे. 'दामिनी' केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. १९०८ साली हुबळीस स्थापन झालेली ही मंडळी संगीत रंगभूमीच्या अग्रभागी होती. सोनाबाई चिमाजी केरकर यांचे 'छत्रपती संभाजी' (१८९६) हे नाटक आधीचे असल्याने, पहिल्या स्त्री-नाटककार हा मान हिराबाईंना सरसकट देता येत नाही. परंतु व्यावसायिक नाटक मंडळीने एका स्त्रीचे नाटक उभे करावे, ही घटना 'दामिनी'ने घडविली. लेखिका स्त्री, गाण्याची जाण स्त्रीची, आणि नायिका मात्र पुरुष नट, अशी ही घटना होती.

कोल्हटकरांचे दुसरे शिष्य गडकरी. ते हिराबाईंच्याच वयाचे. त्यांचे पहिले पूर्ण नाटक 'प्रेमसंन्यास' 'दामिनी'च्याच सुमाराचे. तेथून गडकरी 'पुण्यप्रभाव', 'एकच प्याला', 'भावबंधन' असे पुढे गेले. हिराबाईंचे नाट्यलेखन मात्र तेथेच थांबले. दोघांच्या प्रतिभेची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. नाटककार केवळ लेखनाने घडत नाही. तालमीत बसून, नटांशी वाद घालून, प्रयोग पडताना व उठताना पाहून तो घडतो. गडकऱ्यांना मंडळीच्या बिऱ्हाडी उठबस करता येत होती. कलावंत घराण्यातील स्त्रीच्या अशा वावराचा अर्थ समाज निराळाच लावीत असे. तिच्या घरची बैठक लेखकांना हवी होती, पण त्या बैठकीची चर्चा तिच्या नाटकांपेक्षा तिच्या कुळाभोवतीच अधिक फिरत राहिली.

पुढे हिराबाईंनी मुंबई सोडली आणि कोकणात गुहागरनजीक पालशेत येथे नेने यांच्यासमवेत स्थिर जीवन पत्करले. इकडे काळ बदलत होता. 'दामिनी'च्या पुढच्याच वर्षी, १९१३ साली, दादासाहेब फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर' चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी कामे केली. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे व पद्मावती वर्तक रंगमंचावर आल्या. ज्या दाराशी हिराबाई उभ्या होत्या ते दार उघडले. पण तेव्हा त्या पालशेतला होत्या. तेथेच १९५१ साली त्यांचे निधन झाले.

वसंत कानेटकरांनी १९७६ साली त्यांच्या जीवनावरून 'कस्तुरीमृग' हे नाटक लिहिले आणि विस्मृतीत गेलेले हे नाव पुन्हा चर्चेत आणले. या नाटकाचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नोंदविणे आवश्यक वाटते. नाटककार हिराबाई येथे नाटकातील पात्र झाल्या. त्यांची कथा गाजली, त्यांच्या संहिता मात्र अभ्यासकांच्याही हाती क्वचितच येतात. त्यांच्याविषयीच्या सहानुभूतीने ही उणीव भरून निघणारी नाही. 'दामिनी' ही संहिता कोल्हटकरांच्या व गडकऱ्यांच्या नाटकांशेजारी ठेवून, तिची पदरचना व नायिकेची घडण तपासून वाचली गेली पाहिजे. कोल्हटकरांच्या शिष्यपरंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या वऱ्हाडातील मराठी विभागांनी हे काम आपले मानावे, अशी अपेक्षा आहे.